केचिकन ते व्हँकुव्हर: क्रूझचा शेवटचा दिवस समुद्रावर कसा घालवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिएटलजवळ राहणारे एक गृहस्थ जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन व्हँकुव्हरहून सुटणाऱ्या आणि तिथेच परतणाऱ्या सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर निघाले आहेत. वडील ७२ वर्षांचे असून त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. आई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, आणि त्यांना घाटात हमखास गाडी लागते. केचिकन हे शेवटचे बंदर सोडल्यानंतर एक अख्खा दिवस जहाज कुठेच थांबत नाही. तो दिवस कंटाळवाणा जाईल का, की सामान बांधण्यातच संपेल, आणि त्या दिवसासाठी स्पा वगैरे पैसे भरून आधीच ठरवून ठेवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी प्रवासी जहाजांच्या हॉटेल विभागात अकरा वर्षे नोकरी केली, त्यांतले पाच उन्हाळे याच मार्गावर काढले, आणि नोकरी सोडल्यापासून मराठी प्रवाशांचे गट घेऊन जवळजवळ दरवर्षी इकडे येतो. रिसेप्शनच्या काउंटरमागे उभे राहून मी जे पाहिले ते असे, की शेवटचा दिवस कंटाळ्याने क्वचितच बिघडतो. तो बिघडतो, कारण सकाळचा नाश्ता झाल्यापासूनच माणसे मनाने घरी निघालेली असतात. नऊ वाजता बॅगा पलंगावर, दहा वाजता बिलाच्या रांगेत, दुपारी दुकानांतल्या सेलमध्ये, आणि संध्याकाळी, म्हणजे या साऱ्या मार्गावरचा सर्वांत देखणा पट्टा बाहेरून सरकत असताना, चेन न लागणाऱ्या बॅगेवर बसलेली! माझा सल्ला असा, की त्या दिवसाची कामे घड्याळ पाहून न लावता बाहेरचे पाणी पाहून लावावीत. कोणत्या वेळी जहाज उघड्या समुद्रात असेल आणि कोणत्या वेळी आडोशाला, एवढे एकदा समजले की बाकीचा दिवस आपोआप जागेवर बसतो.

मात्र घड्याळाची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. अलास्काची वेळ व्हँकुव्हरच्या वेळेपेक्षा एक तास मागे आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर, बहुधा केचिकन सोडल्याच्या रात्रीच, जहाजाची घड्याळे एक तास पुढे केली जातात आणि तुमचा शेवटचा दिवस तेवीस तासांचा होतो. मोबाइलवर विसंबू नये, कारण तो किनाऱ्यावरचा जो मनोरा सापडेल त्याची वेळ दाखवतो. खोलीतल्या फोनवर किंवा टीव्हीवर दिसणारी वेळ ही जहाजाची वेळ. तसेच फोन विमानातल्यासारखा एअरप्लेन मोडवर टाकून मगच जहाजाचे वाय-फाय वापरावे. समुद्रातल्या मोबाइल जाळ्याचे दर पाहून चांगल्या चांगल्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे.

आता पाण्याकडे वळू. या मार्गाला ‘इनसाइड पॅसेज’ म्हणतात आणि तो बव्हंशी बेटांच्या आडोशाने जातो, पण सगळा नाही. केचिकनहून दक्षिणेला येताना क्वीन शार्लट साउंड नावाचा एक रुंद पट्टा लागतो, जिथे पश्चिमेकडून थेट प्रशांत महासागराची लाट आत येते. तिथल्या मुख्य भूमीवरच्या एका भूशिराचे नावच केप कॉशन, म्हणजे ‘सावध’ असे आहे. ते नाव ठेवणाऱ्या कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचे जहाज १७९२ साली याच भागात खडकावर चढले होते, तेव्हा हे नाव अनुभवातून आलेले म्हणायला हरकत नाही. आजच्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, त्यामुळे घाबरण्यासारखे काही नसते, तरी काही तास जहाज संथपणे डुलते आणि ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. हा पट्टा बहुतेक सफरींत शेवटच्या दिवशी सकाळी किंवा दुपारच्या सुमारास येतो. नेमकी वेळ केचिकनच्या संध्याकाळीच रिसेप्शनवर विचारून ठेवावी.

इथेच बॅगा बांधण्याचा प्रश्न येतो. बाहेर लाट असताना केबिनमध्ये वाकून, खाली मान घालून, बॅगेच्या कोपऱ्यात मोजे कोंबणे यासारखा बोट लागण्याचा दुसरा खात्रीचा उपाय नाही. कानातले तोलाचे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत, डोळ्यांना समोरची बॅग आणि भिंत स्थिर दिसते, आणि या दोन साक्षींचा मेळ बसेना की मळमळ सुरू होते. शेवटच्या दिवशी दवाखान्याचा रस्ता विचारत आलेल्या पुष्कळ लोकांना मी पहिला प्रश्न एकच विचारत असे: पॅकिंग चालू होते का? उत्तर बहुधा ‘हो’ असे.

म्हणून आपल्या आईंसाठी सकाळची व्यवस्था अशी ठेवावी. मुख्य सामान, म्हणजे जाड स्वेटर, खरेदी आणि पुन्हा न लागणारे कपडे, केचिकनच्या रात्रीच जहाज आडोशाच्या पाण्यात असताना बांधून टाकावे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल तर ती लाट सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते आणि उतारवयात तोल जाण्याची भीती असते, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेजारच्या काकूंची गोळी घेऊ नये. सकाळी पोट रिकामे ठेवू नये, आणि तुडुंब भरूही नये. कोरडा टोस्ट, सफरचंद आणि सोबत आणलेली आलेपाकाची वडी एवढे पुरे होते. जहाजावरचे जुने लोकही हिरवे सफरचंद आणि खारी बिस्किटेच पुढे करतात. बसण्याची जागा जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर निवडावी, कारण झोपाळ्याच्या दांडीप्रमाणे टोकाला आणि उंचावर हेलकावा सर्वांत मोठा असतो. खिडकीतून क्षितिज दिसत राहिले तर उत्तम. नाचाचे वर्ग, प्रश्नमंजूषा, निसर्गतज्ज्ञाचे व्याख्यान हे कार्यक्रम सकाळीच असतात. त्यांपैकी व्याख्यान मात्र चुकवू नये, कारण संध्याकाळी काय आणि कुठल्या बाजूला पाहायचे हे त्यातच समजते.

वडिलांना फिरण्याची सवय असेल तर चालण्याच्या डेकवर किती फेऱ्या म्हणजे एक मैल, हे बहुतेक जहाजांवर पाटीवर लिहिलेले असते. गुडघ्यांना सोसेल तेवढेच चालावे, आणि कानटोपी अवश्य घालावी. जहाज २० नॉट वेगाने जात असेल तर तो वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर भरतो, म्हणजे हवा अगदी पडलेली असली तरी पुढच्या डेकवर तेवढा वारा तोंडावर येणारच. जूनमधले ‘फक्त’ १३-१४ अंश तापमान महाबळेश्वरच्या थंडीसारखे नसते, ते हाडांत शिरते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे आडोशाची डेकखुर्ची आणि गुडघ्यांवर जहाजाची लोकरी शाल, एवढ्यावर माणसे तीन-तीन तास सुखाने बसतात. जुन्या प्रवाशांच्या मते हाच खरा समुद्रदिवस, आणि माझेही मत फार वेगळे नाही. दुपारी बाराच्या सुमारास कॅप्टन ध्वनिक्षेपकावरून जहाजाचे स्थान, वेग आणि पुढचा अंदाज सांगतो, तो ऐकावा. आमच्या गटातले एक निवृत्त तलाठी रोज तो वहीत उतरवून घेत, आणि सफर संपली तेव्हा साऱ्या प्रवासाचा सातबारा त्यांच्यापाशी तयार होता.

स्पा, सेल आणि इतर खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. समुद्रदिवशी सगळे प्रवासी जहाजावरच असल्यामुळे स्पाला मागणी असते आणि सवलत नसते. सवलती बंदराच्या दिवशी मिळतात. मालिश करून घ्यायचे असेल तर ते त्या दिवशी उरकावे. दुकानांतल्या शेवटच्या दिवसाच्या सेलमध्ये घड्याळे आणि दागिने असतात, ज्यांची मूळ किंमत खरोखर किती होती हे पडताळण्याचा आपल्याजवळ काही मार्ग नसतो. टोप्या आणि टी-शर्ट घ्यायला हरकत नाही. जहाजाने तिकिटासोबत खर्चासाठी काही रक्कम खात्यात दिली असेल, तर ती परत मिळणारी आहे की नाही हे आधी विचारावे. बहुतेक वेळा ती मिळत नाही, आणि तेवढ्यापुरती खरेदी शहाणपणाची ठरते.

बिलाचे काम मात्र टाळू नये, फक्त त्याची वेळ बदलावी. खात्याचा तपशील खोलीतल्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या ॲपवर केव्हाही पाहता येतो, तेव्हा तो केचिकनच्या संध्याकाळीच ओळीने तपासावा. न घेतलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेला फोटो, असल्या चुका होतात आणि सांगितल्यावर त्या लगेच दुरुस्त होतात. शेवटच्या रात्री दहानंतर त्याच काउंटरपुढे जी रांग लागते तिच्या टोकाला मी कित्येक वर्षे उभा होतो, आणि मध्यरात्री बाराला चार डॉलरांवरून भांडणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी किती थकलेला असतो तेही मला माहीत आहे. भारतातून आणलेले फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड खात्याला जोडले असेल तर एक अडचण संभवते. जहाज त्यावर रक्कम रोखून ठेवते आणि ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे व्हँकुव्हरमध्ये उतरल्यावर कार्डात पैसे असूनही ते वापरता येत नाहीत. तुमचे तिकडचे क्रेडिट कार्ड जोडणे सोयीचे.

बक्षिसीविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण माझे पूर्वीचे सहकारी मला माफ करणार नाहीत म्हणून लिहितो. रोजची बक्षिसी खात्यात आपोआप धरली जाते. ती शेवटच्या दिवशी काढून टाकण्याची युक्ती काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात, तिच्या वाटेला जाऊ नये. ती रक्कम खोली आवरणाऱ्या आणि ताटे वाढणाऱ्या माणसांत वाटली जाते. त्यांच्यात गोव्याची मुले बरीच सापडतात, सात-आठ महिने घरापासून दूर असतात, आणि आपल्या आईंनी कोकणीत किंवा मराठीत ‘घरी कोण कोण असते’ एवढे विचारले तरी त्यांचा चेहरा उजळतो. कुणाचे काम विशेष आवडले असेल तर अभिप्रायाच्या फॉर्मवर त्याचे नाव लिहावे. बढतीच्या वेळी ते नाव खरोखर पाहिले जाते.

दुपारनंतर जहाज व्हँकुव्हर बेटाच्या (हे बेट निराळे, व्हँकुव्हर शहर मुख्य भूमीवर आहे) उत्तर टोकाशी येते आणि एकाएकी डुलणे थांबते. ग्लासातले पाणी स्थिर झालेले दिसले की समजावे, आडोसा आला. या भागात पाइन आयलंड नावाच्या बेटापाशी स्थानिक पायलटांचे ठाणे आहे. पायलट म्हणजे इथल्या खाड्यांचा कोपरान् कोपरा पाठ असलेला वाटाड्या. तो जहाजावर चढणार असेल तर तो प्रसंग पाहण्याजोगा असतो. छोटी बोट धावत्या जहाजाला येऊन चिकटते, जहाजाच्या पोटातले एक दार उघडते, दोराची शिडी खाली लोंबते, बोट खालीवर होत असते, आणि शिडीला हात घालण्यापूर्वी तो माणूस एक लाट मुद्दाम जाऊ देतो. बोट वर उचलली गेली की त्या क्षणी पाऊल पडते आणि तीन-चार पायऱ्यांत तो आत. सारा खेळ अर्ध्या मिनिटाचा.

उरलेले पॅकिंग करायचे ते आत्ता, आणि अर्ध्या तासात. त्यानंतर आई-वडिलांना तासभर झोपू द्यावे, कारण खरी बैठक संध्याकाळची आहे.

संध्याकाळी जहाज जॉनस्टन सामुद्रधुनीत शिरते. सुमारे ११० किलोमीटर लांबीची ही चिंचोळी खाडी आहे. उजव्या हाताला व्हँकुव्हर बेटाचे डोंगर, डाव्या हाताला मुख्य भूमीकडची बेटे, आणि दोन्हीकडे पाण्यापर्यंत उतरलेली देवदार-सुरूच्या जातीची काळसर झाडी. उजवीकडे रॉबसन बाइट हे आखात येते, जे १९८२ पासून ओर्कांसाठी, म्हणजे ‘किलर व्हेल’ नावाच्या काळ्यापांढऱ्या शिकारी प्राण्यांसाठी, राखीव आहे. इथल्या किनाऱ्याजवळच्या गोट्यांवर ओर्का पोट घासायला येतात, जशी आपल्याकडची म्हैस बांधाला अंग घासते. त्यांची गर्दी जुलैपासून वाढते, म्हणून जूनमध्ये त्या दिसतीलच असे आश्वासन देता येत नाही. नराचा पाठीवरचा पर दीड-पावणेदोन मीटर उंच असतो आणि तो पाण्यातून उभ्या फळीसारखा वर येतो. हंपबॅक देवमासा मात्र आधी श्वासाच्या फवाऱ्यावरून कळतो: दूरवर झाडीच्या काळ्या पडद्यापुढे पांढरा धूर उडाल्यासारखा दिसतो आणि क्षणात विरतो. काळ्यापांढऱ्या रंगाचे, झपाट्याने पाणी कापत जाणारे छोटे प्राणी दिसले तर ती ओर्काची पिल्ले नव्हेत, ते डॉल पॉरपॉइज असतात. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी पुरे, त्याहून मोठी हातात थरथरते. वडिलांसाठी सर्वांत वरचा डेक निवडू नये. खालच्या चालण्याच्या डेकवर उजव्या बाजूला, लिफ्टपासून जवळ, खुर्ची धरून ठेवावी. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो आणि जहाज पूर्वेकडे तोंड करून चाललेले असते, त्यामुळे सूर्यास्त पाहायचा तर जहाजाच्या मागच्या टोकाला जावे. तिथे वाराही कमी असतो.

या वेळापत्रकात जेवणाची अडचण होते. रात्री आठची पंगत घेतली तर सामुद्रधुनीचा उत्तम भाग काचेपलीकडे आणि सूपच्या वाटीपलीकडे जातो, म्हणून त्या दिवसापुरती साडेपाचची पाळी मागून घ्यावी किंवा बुफेत हलके खाऊन बाहेर यावे. आईंसाठी भारतीय शाकाहारी जेवण हवे असेल तर आदल्या रात्रीच वाढपीप्रमुखाला सांगावे लागते. आयत्या वेळी पास्ता आणि उकडलेल्या भाज्याच मिळतात. निरोपाच्या जेवणात बऱ्याच जहाजांवर ‘बेक्ड अलास्का’ नावाची मिठाई वाजतगाजत, रुमाल फिरवत आणली जाते. ती आइस्क्रीमची असली तरी वरचा पांढरा थर अंड्याच्या पांढऱ्या भागाचा असतो. आईंना तो सोहळा पाहू द्या, ताटात मात्र फळे मागवा.

रात्री अंधार पडता पडता किंवा त्यानंतर जहाज सीमोर नॅरोजमधून जाते. बेटांमधली ही अरुंद फट आहे आणि तिच्यातला भरती-ओहोटीचा ओघ १५ नॉटपर्यंत पोहोचतो, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या वेगाच्या जवळपास. त्यामुळे भरती संपून सुकती लागण्यापूर्वी किंवा सुकती संपून भरती लागण्यापूर्वी पाणी जे थोडा वेळ थबकते, त्या वेळेलाच जहाजे इथून काढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओघाला अधिक जोर असतो, भांगाच्या दिवसांत कमी. कोकणातल्या कुणाही तांडेलाला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. पूर्वी या फटीच्या मधोमध रिपल रॉक नावाचा दोन सुळक्यांचा खडक पाण्याखाली दबा धरून बसलेला असे, आणि त्याने शंभरावर जहाजांचे नुकसान केले व शंभरावर माणसांचे बळी घेतले. शेवटी डाव्या बाजूच्या मॉड बेटावरून समुद्राच्या तळाखालून बोगदा खणून, खडकाच्या पोटात सुमारे १,२७० टन स्फोटके भरून, ५ एप्रिल १९५८ रोजी तो उडवण्यात आला. त्याचे थेट प्रक्षेपण कॅनडाच्या टीव्हीवर झाले होते. आता तिथून जाताना काही जाणवत नाही, फक्त काळ्या पाण्यावर भोवऱ्यांची तेलकट चकाकी दिसते आणि थोड्या वेळाने उजवीकडे कॅम्पबेल रिव्हर गावाचे दिवे लागतात.

एक खुलासा: हे सारे व्हँकुव्हरला संपणाऱ्या सफरींबद्दल आहे. सिएटलहून सुटणारी जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून येतात, आणि १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या जहाजांना एका तरी परदेशी बंदराला लागावे लागते, म्हणून अनेकदा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. घराजवळचे सिएटल सोडून तुम्ही व्हँकुव्हर निवडले, ते आई-वडिलांच्या दृष्टीने बरेच झाले.

बॅगांना रंगीत, क्रमांकाच्या पट्ट्या लावून त्या रात्री दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सीमोर नॅरोजची वेळ त्याच सुमाराची असेल तर बॅगा आठलाच बाहेर काढाव्यात. हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधे, चष्मा, कवळी, चार्जर आणि उद्याचे कपडे असावेत, आणि त्याबरोबर बूटही. आमच्या गटातल्या एका काकूंनी टापटिपीच्या भरात घरच्या सगळ्यांची पादत्राणे बॅगेत भरली, आणि दुसऱ्या दिवशी काका खोलीतल्या कापडी सपाता घालून कस्टम्ससमोर उभे राहिले. वडिलांसाठी चाकाची खुर्ची हवी असेल तर ती आदल्या दिवशी दुपारीच नोंदवावी. उतरण्याच्या फळीचा उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त बोचतो. फळे आणि बुफेतले खाणे सोबत घेऊन उतरू नये. कॅनडात ती अडवतात, आणि तुम्हाला पुढे सिएटलच्या रस्त्यावर दुसरी सीमाही ओलांडायची आहे.

पहाटेसाठी एवढेच, की लायन्स गेट पुलाची वेळ विचारून गजर लावावा. १९३८ साली खुला झालेला हा झुलता पूल पाण्यापासून सुमारे ६१ मीटर उंच आहे, आणि उंच जहाजाच्या वरच्या डेकवरून तो जवळ येताना धुराडे खात्रीने अडकणार असे वाटते. गटातली माणसे नकळत मान खाली घालतात. पूल डोक्यावरून गेला की उजवीकडे स्टॅन्ले पार्कची झाडी आणि समोर कॅनडा प्लेस या क्रूझ धक्क्याच्या छपराची पांढरी शिडे दिसतात. तिथून धक्क्याला लागायला थोडाच अवधी असतो, तेवढ्यात आई-वडिलांचा चहा होतो.